पाचगणीच्या जुन्या बंगल्यातली बिडाची फायरप्लेस पुन्हा पेटवण्यापूर्वी

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा. पाचगणीत आपण जांभ्या दगडाचा, मंगलोरी कौलांचा एक जुना बंगला घेतला आहे. दिवाणखान्यातल्या मूळच्या उघड्या फायरप्लेसमध्ये आधीच्या मालकांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी काचेच्या दाराची एक बिडाची पेटी, म्हणजे इन्सर्ट, बसवून घेतली होती. ती आता गंजली आहे, काचेला तडा गेला आहे आणि बंगल्याची राखण करणारे काका सांगतात की ती शेवटची पेटवली तेव्हा खोलीभर धूर झाला होता. रंगाऱ्याचे म्हणणे असे की वायर ब्रशने घासून काळा रंग मारला आणि काच बदलली की काम झाले. डिसेंबरात आई-वडिलांना तिथे राहायला न्यायचे आहे, वडिलांना दम्याचा त्रास आहे, आणि तोवर पेटी वापरण्याजोगी होईल का, असे आपण विचारले आहे.

मी वाईत राहतो आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो. त्यात धुराड्यांचे काम पुष्कळ असते. त्या अनुभवावरून सांगतो की रंग, गंज आणि काच हे आपल्या प्रश्नाचे सोपे भाग आहेत आणि ते शेवटी करायचे आहेत. पेटीतून निघालेला धूर ज्या वाटेने आढ्यापर्यंत जातो, ती वाट त्या पेटीसाठी कधी तयार केली होती का, हे आधी पाहावे लागेल. काकांनी सांगितलेली धुराची गोष्ट मी रंगाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त महत्त्वाची मानतो. धुराडे तपासून होईपर्यंत ‘जरा पेटवून बघू’ म्हणून कागदाचा एक बोळासुद्धा त्या पेटीत पेटवू नये.

यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते एकदा ध्यानात आले की पुढची सगळी कामे कोणत्या क्रमाने करायची ते आपोआप उलगडते. इंग्रजी अमदानीत इथे बंगले उठले तेव्हाच्या फायरप्लेस उघड्या होत्या. उघड्या जाळातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता खोलीला मिळते आणि बाकीची सगळी गरम हवेबरोबर धुराड्यातून निघून जाते. हा मोठा तोटा असला तरी त्यामुळे धुराडे भरपूर तापते आणि धूर वेगाने वर ओढला जातो. धुराड्याचा छेदही त्या हिशेबाने ठेवलेला असतो. साधारणपणे तो उघड्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश असतो. आपल्या फायरप्लेसचे तोंड ९० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर धुराड्याचा छेद सुमारे ६७५ चौरस सेंटिमीटर भरेल. बंद दाराच्या पेटीचे काम निराळे असते. ती साठ-सत्तर टक्के उष्णता खोलीत ठेवते, हवा मोजून घेते आणि थोडा, मंद, थंड धूर वर सोडते. तिच्या माथ्यावरच्या, धूर सोडणाऱ्या तोंडाचा नळ बहुधा १५ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे १७७ चौरस सेंटिमीटरचा असतो. हा थंड धूर जवळजवळ चौपट छेदाच्या दगडी पोकळीत शिरला की पसरतो, रेंगाळतो आणि भिंतींवर गारठतो.

ज्यांच्या घरी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ओले जळण घातले आणि बंबात गार पाणी भरलेले असले, की नळीच्या तोंडाशी काळा, चिकट थर धरायचा. धुराड्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ, आम्ले आणि डांबरासारखी द्रव्ये असतात. धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की ती भिंतीवर जमू लागतात, आणि हा थर म्हणजे क्रिओसोट. सुरुवातीला तो भुसभुशीत काजळीसारखा असतो आणि ब्रशने सहज निघतो. मग तो कुरकुरीत होतो. आणि शेवटी काचेसारखा चकाकणारा, टणक लेप बनतो, ज्यावर ब्रशचा काही परिणाम होत नाही. हा लेप पेटला की धुराड्याच्या आतले तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते. जांभ्याच्या भिंतीतले सांधे तेवढ्यासाठी बांधलेले नसतात.

आपली पेटी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी बसवलेली आहे. त्या काळी अशा पेट्या पुष्कळदा जुन्या फायरप्लेसच्या खोबणीत नुसत्या सरकवून दिल्या जात आणि त्यांचा धूर तसाच मोठ्या धुराड्यात सोडला जाई. आपल्याकडेही तसेच असावे असा माझा अंदाज आहे, पण तो अंदाजच आहे. पेटी बाहेर ओढून पाहिल्याशिवाय कोणीही खात्रीने सांगू नये, आणि सांगितले तर आपण मानू नये. पेटीच्या माथ्यापासून थेट वरपर्यंत जाणारा स्टीलचा नळ सापडला तर आपले काम निम्म्याने हलके होईल. माथ्यावर नुसते भोक आणि वर काळाकुट्ट अंधार दिसला, तर खर्चाचा मोठा भाग तिथेच आहे असे समजावे.

खोलीत धूर परत येण्याची कारणे अनेक असू शकतात आणि ती घराघरांत बदलतात. पहिले आणि सर्वांत साधे कारण म्हणजे अडथळा. रिकाम्या धुराड्यात पाखरे घरटी करतात, पालापाचोळा साचतो, आणि आपल्या भागात आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे सातेरी मधमाशी. अंधाऱ्या, बंदिस्त पोकळीत पोळी बांधणारी ही जात असल्याने न वापरलेले धुराडे तिला झाडाच्या ढोलीइतकेच पसंत पडते. पोळे असेल तर धूर करून किंवा औषध मारून ते काढू नका. मेण आणि मध भिंतीला तसेच राहतात आणि पुढे ते पेट घेतात. मधसंचालनालय महाबळेश्वरातच आहे आणि मांघरसारख्या गावांत वसाहत जिवंत हलवणारे जाणते लोक आहेत, त्यांना बोलवावे.

दुसरे कारण वारा. आपला बंगला पठाराच्या कडेला असेल, तर कृष्णेच्या खोऱ्यातून कडा चढून येणारा वारा माथ्यावर आदळून भोवऱ्यासारखा फिरतो आणि धुराड्यातला धूर खाली दाबतो. धुराड्याच्या शेजारी, त्याहून उंच वाढलेले सिल्व्हर ओक असतील तरी हाच परिणाम होतो; ते लावले तेव्हा ते लहान होते, एवढाच काय तो फरक. तिसरे कारण घराच्या आत असते आणि ते कोणाच्या लक्षातच येत नाही. जुन्या फटींच्या खिडक्या काढून घट्ट बसणाऱ्या नव्या खिडक्या लावल्या, स्वयंपाकघरात ताकदीचा एक्झॉस्ट पंखा बसवला, की घर हवेसाठी आसुसते आणि ती हवा धुराड्यातून उलटी खेचते. काकांना एवढे जरूर विचारा की धूर झाला त्या दिवशी स्वयंपाकघरातला पंखा चालू होता का, आणि धूर पेटवल्याबरोबर झाला की जाळ चांगला धरल्यानंतर. पेटवताना होणारा धूर बहुधा थंड धुराड्यामुळे असतो. जाळ धरल्यावरही होत असेल तर अडथळा, वारा किंवा हवेची ओढाताण यांपैकी काहीतरी आहे.

तपासणीची माझी रीत सांगतो. वरून ओळंबा सोडून धुराडे सरळ आहे की मध्ये वळण आहे ते पाहतो आणि उंची मोजतो. नंतर मोबाइलचा दिवा लावून, चित्रीकरण सुरू करून, तो जाळीच्या पिशवीत घालून दोरीने हळूहळू खाली सोडतो. यासाठी महागडा कॅमेरा असला तर उत्तम, पण सरळ धुराड्यात मोबाइलनेही निखळलेला दगड, उघडा पडलेला सांधा आणि चकाकणारा थर स्पष्ट दिसतो. काजळी खरवडून पाहिल्यावर थर ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरला, तर साफसफाईशिवाय पेटवण्याचा विचारही करू नये. काजळीसाठी धुराड्याच्या मापाचा ब्रश वापरावा. दोरीला दगड आणि पोते बांधून धुराडे घासण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे तिने आतले सांधे फुटतात.

यानंतर गळतीची चाचणी. ती करणारी व्यक्ती धुराड्याच्या कामातली असावी आणि चाचणीपूर्वी धुराडे साफ झालेले असावे. खाली धुराची कांडी लावतात, धूर वरून निघू लागला की माथ्यावर ओले पोते टाकून तोंड बंद करतात, आणि मग एक माणूस माळ्यावर, एक वरच्या खोलीत आणि एक बाहेर उभा राहून धूर कुठून झिरपतो ते पाहतो आणि खडूने खुणा करतो. जांभा सच्छिद्र असतो आणि त्याचे दर्जे, म्हणजे दगडांमधले भरलेले सांधे, जुन्या चुन्याचे असतात. पावसाचे पाणी आणि धुरातले आम्ल दोन्ही मिळून तो चुना आतून खातात. बाहेरून टुमदार दिसणाऱ्या धुराड्यातून माळ्यावर धुराच्या पाच-सहा रेघा निघालेल्या मी पाहिल्या आहेत.

माळ्यावर चढलाच आहात तर तुळया नीट पाहा, कारण मला सर्वांत जास्त भीती त्यांचीच वाटते. जुन्या घरांत तुळईचे टोक सोयीसाठी धुराड्याच्याच भिंतीत बसवलेले सापडते. ताज्या लाकडाला पेट घ्यायला साधारण अडीचशे ते तीनशे अंश लागतात. मात्र वर्षानुवर्षे ताप खाऊन आतून कोळपलेले लाकूड त्याहून बऱ्याच कमी तापमानाला धुमसू लागते. म्हणूनच ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथे उलटा लागू पडतो. तुळई किंवा वासा धुराड्याला टेकलेला असेल, तर किमान ५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून त्याला वेगळा आधार द्यावा लागेल, आणि ते काम इंजिनिअरला दाखवूनच करावे.

आता उपाय. पेटी वापरायचीच असेल, तर तिच्या तोंडापासून धुराड्याच्या माथ्यापर्यंत, पेटीच्या तोंडाच्याच व्यासाचा, सलग स्टेनलेस स्टीलचा नळ टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ३१६ ग्रेडचे स्टील घ्यावे, कारण धुरातले आम्ल ते अधिक सोसते. धुराड्यात वळण असेल तर लवचीक लायनर मागवावा लागतो. सरळ असेल तर चांगल्या फॅब्रिकेटरकडून तुकड्या-तुकड्यांचा नळ करून घेता येतो. नळाभोवती सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळले की धूर वरपर्यंत गरम राहतो आणि थर कमी धरतो. खर्च वाचवण्यासाठी कोणी जीआय पत्र्याचा नळ सुचवला तर नम्रपणे नकार द्यावा. त्यावरचा जस्ताचा मुलामा तापल्यावर टिकत नाही आणि त्याची वाफ घातक असते.

नळाचे तुकडे जोडताना एक गोष्ट समोर उभे राहून करून घ्या. वरच्या तुकड्याचे खालचे टोक खालच्या तुकड्याच्या आत गेले पाहिजे. बहुतेक कारागीर नेमके उलटे करतात, कारण धूर खालून वर जातो तेव्हा खालचा तुकडा वरच्याच्या आत हवा असे त्यांना वाटते. ते तर्काला धरून दिसते, पण नळाच्या आत ठिबकणारे काळे पाणी वरून खाली येते, आणि उलट्या जोडात ते प्रत्येक सांध्यातून बाहेर पडून ब्लँकेटमध्ये मुरते. जुन्या धुराड्यातली लोखंडी झडप असेल तर ती काढून टाकावी, म्हणजे ती कधी चुकून बंद होणार नाही.

माथ्याची उंचीही मोजावी. कौलांतून जिथे धुराडे बाहेर येते तिथून ते किमान ९० सेंटिमीटर वर असावे, आणि ३ मीटरच्या परिघात छपराचा जो भाग सर्वांत उंच असेल त्याच्याहूनही ६० सेंटिमीटर उंच असावे. वर पावसाची टोपी आणि ठिणग्यांची जाळी हवी. महाबळेश्वरात वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी पडत असला तरी उघड्या नळातून पेटी गंजवायला तेवढा पुरेसा आहे. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताचे तट्टे बांधण्याची पद्धत आहे. ते दिवाळीपर्यंत तसेच राहिले असतील तर ठिणग्यांचा विचार करून आधी उतरवावेत. बाहेरच्या बाजूने दर्जे भरताना जांभ्याला सिमेंट लावू नका, चुनाच वापरा. सिमेंटच्या कडक दर्ज्यामागे ओल अडकते आणि दगडच झिजू लागतो. धुराड्याची उंची वाढवायची असेल तर आधी नगरपरिषदेत चौकशी करावी, कारण १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आहे आणि जुन्या इमारतींच्या बाह्यरूपातल्या बदलांकडे तिथे बारकाईने पाहिले जाते.

इतके झाल्यावर पेटीकडे वळू. ती बाहेर काढून उघड्यावर आणावी. वजन बरेच असते, त्यामुळे चार माणसे आणि फळ्या लागतात. दार घट्ट बसावे म्हणून त्याच्या कडेला लावलेली जुनी दोरी हाताने ओढून काढण्यापूर्वी थांबा. त्या काळच्या दोऱ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती पाण्याने पूर्ण भिजवून, चांगला मास्क लावून, न खरवडता काढावी आणि पिशवीत बंद करावी. जुना रंगही कोरडा घासू नये. नवी दोरी ग्लास फायबरची, मूळ खाचेत बसेल त्याच जाडीची घ्यावी. ती बसल्यावर दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी; ती जिथे सहज निसटते तिथून हवा शिरते. पेटीच्या पोटात रात्री पेटता टॉर्च ठेवून खोलीतला दिवा मालवला की उघडे सांधे प्रकाशाच्या रेघांनी स्वतःच दिसतात. ते फायर सिमेंटने भरावेत. इपॉक्सी पुटी पहिल्याच जाळात जळून जाते.

बिडाला तडा असेल तर त्याचा निर्णय जागेवर अवलंबून आहे. आतल्या जाळीला किंवा आडव्या पट्टीला तडा असेल तर तो भाग नवा ओतून घेणे बरे. कोल्हापूरच्या फाउंड्रीत जुना तुकडा नमुना म्हणून दिला की काम होते. पेटीच्या मुख्य भिंतीला आरपार तडा असेल तर मी ती पेटी वापरू नये असेच सांगतो. नेहमीच्या वेल्डिंग रॉडने बीड जोडता येत नाही. निकेलचा रॉड, आधी सावकाश तापवणे आणि नंतर सावकाश निववणे एवढे सगळे सांभाळले तरच तो जोड टिकतो, आणि हे करणारा कारागीर मिळणे दुर्मीळ आहे. आतल्या विटा फुटल्या असतील तर साध्या भाजक्या विटा न घालता फायर ब्रिक घालाव्यात.

काचेबद्दल आवर्जून सांगतो. काचवाला आपल्याला टफन्ड ग्लास देऊ करील आणि ‘ही फुटत नाही’ असे सांगेल. शॉवरच्या दाराला ती योग्य आहे, पण दोन-अडीचशे अंशांच्या पुढे तिचा भरवसा राहत नाही. पाचगणीतल्याच एका घरात अशी काच भर जाळात फुटून तिचे गरम खडे गालिच्यावर विखुरलेले मी पाहिले आहेत. इथे सिरॅमिक ग्लासच हवी. ती सातशे अंशांच्या आसपासची धग सोसते. ती महाग आहे, पण या कामात काटकसर करण्याची ही जागा नाही. बसवताना तिच्या कडांना दोरी असावी आणि स्क्रू हलक्या हाताने आवळावेत, नाहीतर फुगण्याला जागा न मिळून तीही तडकते. रंगाऱ्याचे काम यानंतरचे: ६०० अंशांपर्यंतचा उष्णतारोधक काळा रंग किंवा नुसते ग्रॅफाइट पॉलिश. साधा ऑइलपेंट कदापि नको.

पेटीसमोर किमान ४० आणि दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटर दगडी किंवा फरशीची जमीन हवी. आपल्या दिवाणखान्यात लाकडी जमीन असेल तर हे मोजून घ्या. सोफा, पडदे, वर्तमानपत्रांची चवड हे सारे पेटीपासून ९० सेंटिमीटर दूर असावे. वर लाकडी फळी असेल तर तिला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल इतकी ती तापत असली तर मध्ये पत्र्याची आडवी ढाल द्यावी लागेल. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी आता अटच मानतो आणि तो आई-वडिलांच्या झोपण्याच्या खोलीत लावावा. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक ओढीने चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे अशी लक्षणे एकाच वेळी घरातल्या दोघांना दिसली, तर अपचन म्हणून सोडून न देता बाहेर मोकळ्या हवेत जावे आणि डॉक्टरांना बोलवावे. वडिलांच्या दम्याचा प्रश्न वेगळा राहतो. बंद दाराची चांगली पेटी उघड्या जाळापेक्षा खूप कमी धूर सोडते, पण लाकूड घालताना दार उघडावेच लागते आणि थोडा धूर येतोच. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे, आणि त्यांची खोली पेटीच्या खोलीपासून शक्य तितकी दूर ठेवावी.

जळणाविषयी लोक सर्वांत कमी विचार करतात आणि माझ्याकडच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. लाकडात वीस टक्क्यांहून कमी ओल असावी. नोव्हेंबरात घाटमाथ्यावरच्या वखारीतून घेतलेले लाकूड चार महिन्यांचा पाऊस आणि धुके पिऊन आलेले असते. बाहेरून ते वाळलेले दिसते, पण फोडून आतल्या ताज्या बाजूवर ओल मोजणारा मीटर टोचला की आकडा तिशीच्या पुढे जातो. म्हणून या वर्षासाठी माण, खटाव, फलटण अशा कोरड्या भागातली बाभूळ मागवावी. ती जड असते आणि तिचा निखारा टिकतो. पुढल्या वर्षासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकूड घेऊन, मनगटाहून थोडे जाड फोडून, उन्हाळाभर वाळवून, पावसापूर्वी छपराखाली पण बाजूंनी हवा खेळेल असे रचून ठेवावे. मीटर नसेल तर एक तुकडा दर आठवड्याला वजन करून पाहा. वजन उतरायचे थांबले की तो वाळला. उसाच्या चिपाडाच्या ब्रिकेट साताऱ्या-सांगलीत मिळतात आणि त्या कोरड्या असतात, मात्र त्या झपाट्याने तापतात म्हणून दोन-तीनच घालाव्यात. जुने रंगवलेले दरवाजे, प्लायवूड, खोक्यांच्या फळ्या आणि दगडी कोळसा या पेटीत घालू नयेत. बंगल्याच्या आवारातले झाड किंवा फांदी परवानगीशिवाय तोडू नये, हेही सांगून ठेवतो. हिवाळ्यात पर्यटकांच्या शेकोट्यांसाठी होणारी तोड पाहिली की जीव तुटतो.

नवे काम झाल्यावर पहिले काही जाळ अगदी लहान असावेत आणि प्रत्येकानंतर पेटी पूर्ण निवू द्यावी, म्हणजे सिमेंट आणि रंग सावकाश पक्के होतील. त्या वेळी रंगाचा वास येतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वडील तिथे नसावेत. पुढे रोजच्या वापरात जाड लाकडे खाली, त्यावर ढलप्या आणि सर्वांत वर काटक्या रचून वरून पेटवावे. धुराडे लवकर तापते आणि सुरुवातीचा धूर कमी होतो. पेटीला हवा देणारी झडप जाळ नीट धरेपर्यंत पूर्ण उघडी ठेवावी. नळावर चुंबकी थर्मामीटर लावला तर काटा ११५ ते २४५ अंशांच्या दरम्यान असावा. त्याच्या खाली राहिला तर थर धरतो आहे, वर गेला तर जाळ अति होतो आहे. रात्री भरपूर लाकूड कोंबून, झडप मिटून, सकाळपर्यंत धुमसत ठेवण्याची सवय जवळजवळ प्रत्येक बंगल्यात दिसते आणि क्रिओसोट सर्वांत जास्त त्यानेच साचतो. धुराड्यातून घोंघावणारा आवाज आला किंवा माथ्यावरून ज्वाळा दिसल्या, तर दार आणि झडप बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. तापलेल्या बिडावर पाणी ओतू नये, ते फुटते.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून ती बादली घराबाहेर दगडावर ठेवावी, व्हरांड्याच्या लाकडी जमिनीवर नव्हे. राखेखालचा निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो. थंड झालेली राख बागेत चालते, पण स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात घालू नका, तिला थोडी आंबट माती लागते.

डिसेंबरापर्यंत जमेल का, याचे उत्तर पेटी बाहेर काढल्यावर जे दिसेल त्यावर अवलंबून आहे. आधी धुराड्याची सफाई आणि तपासणी, मग तुळया, मग नळ आणि टोपी, मग पेटी, आणि सर्वांत शेवटी रंग, असा क्रम धरावा. धुराडे सरळ आणि धड निघाले तर पावसाळा संपल्यापासून काम हाती घेऊन ते वेळेत होऊ शकते. तुळई भिंतीत सापडली किंवा चकाकणारा थर निघाला, तर हा हिवाळा सोडून द्यावा. आई-वडिलांसाठी तेलाचा रेडिएटर ठेवावा आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कोणी पेटवणार नाही याची काळजी घ्यावी. अशा वेळी पेटीचे तोंड विटांनी कायमचे बुजवू नका. माथ्यावर टोपी बसवा, खाली एक जाळीचा झरोका ठेवा, म्हणजे धुराड्यात हवा खेळती राहील, भिंतीला ओल धरणार नाही आणि पुढल्या वर्षी तिथूनच काम सुरू करता येईल.